उधारीचं तुझं म्हणणं बरोबर होतं

बाळा,

मेसेजच केला असता, पण तू नुसता अंगठा पाठवतोस म्हणून हे पत्र. गेले चार महिने आपण जे काही बोललो ते सगळं अकाउंटंटमार्फत, मी त्याला म्हणतो साहेबांना विचार आणि तू म्हणतोस बाबांना विचार, बिचारा वैतागलाय.

उधारीचा हिशोब मांडून तू दिलेला तो कागद मी फाडला नव्हता बरं का, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि नंतर चष्मा लावून तीनदा वाचला. माल देणाऱ्याचे पैसे आपण 30 दिवसांत देतो आणि गिऱ्हाइकाकडून 90 दिवसांनी घेतो, मधले 60 दिवस ओव्हरड्राफ्टवर, म्हणजे खात्यात नसलेले पैसे बँकेकडून उचलून, ढकलायचे आणि व्याज आपण भरायचं. मी याला माणुसकी म्हणायचो. तू म्हणालास "बाबा, तुम्ही बिनव्याजी कर्ज वाटताय", ते सगळ्या स्टाफसमोर म्हणालास म्हणून झोंबलं. मला वाटायचं विक्री वाढली की सुटेल सगळं, पण विक्री वाढली तसे पैसे जास्तच अडकत गेले, ऑर्डरी भरपूर आणि पगाराच्या तारखेला खात्यात खडखडाट.

डिस्काउंटचं पण तेच, 100 च्या मालात 20 सुटतात, त्यातले 10 सोडले की तेवढाच नफा कमवायला दुप्पट माल विकायला लागतो. हे मला कळत नव्हतं असं नाही रे. मला नाही म्हणता येत नाही, आणि लोक मोठ्या मनाचा माणूस म्हणतात ते ऐकायला बरं वाटतं, लिहिताना पण लाज वाटतेय.

पण तो खराब लॉट परत बोलावला त्याबद्दल सॉरी म्हणणार नाही. गिऱ्हाइकाला कळलंही नसतं म्हणालास. मला कळलं होतं ना.

खरं सांगायचंय ते वेगळंच. ओव्हरड्राफ्टचं लिमिट वाढवताना बँकेने आणखी एक जामीनदार मागितला तेव्हा मी तुझ्यापुढे फॉर्म सरकवला आणि म्हटलं इथे, इथे आणि मागच्या पानावर. तू फोनवर होतास, बोलता बोलता सह्या केल्यास. कंपनीने नाही भरले तर बँक तुझ्या दारात येणार, तुझ्या सेव्हिंगला हात घालणार हे मला पक्कं माहिती होतं आणि मी तोंड उघडलं नाही. आयुष्यभर लोकांना सांगत आलो कागद वाचल्याशिवाय सही करू नका! तत्त्वं माझी आणि तारण तुझं. तुला कळलं तेव्हा तू ओरडला असतास तर बरं झालं असतं, तू नुसता केबिनचं दार लावून घेतलंस.

परवा बँकेत जाऊन विचारलं तुझं नाव काढता येतं का. लगेच नाही म्हणाले, आधी कर्जाची बाकी खाली आणा नाहीतर दुसरं तारण द्या. माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही, तेव्हा बाकीच खाली आणायची. कोणाला किती दिवस उधार द्यायचं ते इथून पुढे तू ठरव, मी मधे पडत नाही. फक्त त्या तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन मी करतो, तुझ्याकडून ऐकलं तर म्हणतील पोराने बापाला बाजूला सारला. (सारलायसच तसा, पण असो.)

सोमवारी 10 ला येतो, वसुलीची यादी काढून ठेव. अकाउंटंटला नको पाठवूस, तूच बस.

बाबा