पाचपाखाडीच्या काकांना, एका जुन्या पुस्तकाबद्दल

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

गेल्या जून महिन्यात इमारतीच्या जिन्यात उभ्या उभ्या मी आपल्याला विचारले होते की, पटावरच्या युद्धखेळांवरचे १९८० सालचे मार्गदर्शक पुस्तक आज वाचण्यात काही अर्थ आहे का. आपण हो किंवा नाही असे काहीच म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी खाकी कव्हर घातलेली आपली प्रत माझ्या घरी पोहोचली आणि सोबतच्या चिठ्ठीत कोणती पाने आधी वाचायची, कोणती सरळ ओलांडायची आणि कोणती कात्री हाताशी असल्याशिवाय उघडायची नाहीत, हे लिहिलेले होते. आभाराचे हे पत्र मी सर्वांसमोर लिहीत आहे, कारण ठाण्यातल्या माझ्या दोन-तीन खेळगड्यांनी अलीकडे मला हाच प्रश्न विचारला आणि माझ्याकडे असलेले उत्तर मूळचे आपले आहे.

पुस्तक जेम्स डनिगन यांचे, ‘द कम्प्लीट वॉरगेम्स हँडबुक’. हे खेळ रचून विकणारी एसपीआय ही कंपनी ज्यांनी उभी केली आणि १९७० मध्ये ‘पँझरब्लिट्झ’ रचला, त्याच डनिगन यांचे. म्हणजे लिहिणारा माणूस कारखान्याच्या आतला. खेळायचे कसे, रचायचे कसे आणि मिळवायचे कुठे, अशी तीन आश्वासने पहिल्या आवृत्तीचे उपशीर्षकच देते. त्यांतले तिसरे दोन वर्षांतच निकालात निघाले, कारण १९८२ मध्ये खुद्द एसपीआय डबघाईला येऊन टीएसआर या कंपनीच्या ताब्यात गेली. खेळ कुठे मिळतील हे सांगणाऱ्या पानांपुढे आपण चिठ्ठीत ‘रद्दी’ एवढाच शब्द लिहिला होता आणि तो योग्यच होता. संगणकावरचे प्रकरण कौतुकापुरते वाचावे, हेही पटले. १९९० नंतर हातातल्या पत्त्यांवर चालणारे जे युद्धखेळ आले, त्यांचा या आवृत्तीत मागमूस असणे शक्यच नव्हते. हे खेळ कोण खेळतात, हे सांगणारे प्रकरण मात्र मी आपला सल्ला मोडून वाचले आणि मला ते आवडले, हे येथे कबूल करतो.

मुख्य गोष्ट कात्रीच्या पानांची. ‘द ड्राइव्ह ऑन मेट्झ’ हा फ्रान्समधल्या मेट्झ शहरावर सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनांविरुद्ध झालेल्या अमेरिकी चढाईवरचा लहानसा खेळ डनिगन यांनी पुस्तकातच दिला आहे. त्याची पाने गोखले रोडवर झेरॉक्स करून आणायची, सोंगट्यांचा कागद जुन्या लग्नपत्रिकेवर चिकटवायचा आणि मग कापायचा, ही आपली युक्ती. मुंजीची पत्रिका पातळ असते, ती चालत नाही, ही ताकीदही आपलीच. जुलैच्या दमट हवेत माझ्या सोंगट्या पापडासारख्या वाकल्या आणि पंखा चालू राहिल्यामुळे अर्धी जर्मन फौज सोफ्याखाली गेली. आपण न हसता पंखा बंद केलात आणि भुवया कोरायचा चिमटा माझ्या हातात दिलात, तो मी आजही वापरतो.

त्याआधी आपण स्वतः आखलेल्या सरावाच्या पटावर मला दोन संध्याकाळी बसवलेत, त्यांचे ऋण सर्वांत मोठे आहे. चौकोनी घरांच्या पटावर तिरके पाऊल सरळ पावलाच्या सुमारे १.४ पट लांब पडते आणि षटकोनांत शेजारची सहाही घरे सारख्याच अंतरावर असतात, हे आपण पट्टी लावून दाखवलेत. मग लढाईच्या निकालाचा तक्ता, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बळाच्या प्रमाणाचा रकाना निवडून त्यात फाशाने निकाल पाहायचा तो. माझे बळ ११, समोरचे ४, भागाकार २.७५ येतो म्हणून मी बिनधास्त तीनास एकच्या रकान्यात बोट ठेवले. आपण ते बोट उचलून दोनास एकवर ठेवलेत, कारण उरलेला अपूर्णांक बचाव करणाऱ्याच्या पदरात पडतो. बळ बारा व्हायला कमी पडणाऱ्या त्या एका गुणासाठी एखादी सोंगटी कुठून आणता येईल, हे मी दहा मिनिटे शोधत होतो, आणि हल्ला करण्याआधी सेनापती असाच शोधत असेल, एवढेच आपण म्हणालात. त्यानंतर तक्त्यावरची पाने मी पुन्हा वाचली, तेव्हा ती पहिल्या वेळेसारखी कोरडी राहिली नव्हती. म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगतो की, पुस्तक जरूर वाचा, पण पट मांडल्याशिवाय वाचू नका. नुसते आडवे पडून वाचले तर ते जुनेच वाटेल.

रचनेच्या प्रकरणाबाबत माझे मत आपल्यापेक्षा थोडे वेगळे आहे. खेळ साधा ठेवा आणि आधीच्या खेळांतली चांगली युक्ती खुशाल उचला, हा डनिगन यांचा रोखठोक सल्ला आपल्याला पुरेसा वाटतो. मी त्या बळावर पानिपत मांडायला बसलो आणि अडलो. १४ जानेवारी १७६१ चा एकच दिवस घेतला तर खेळ सुटसुटीत होतो, परंतु उपाशी फौज त्या दिवशी मैदानात का उतरली, हे पटावर दिसतच नाही. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली, त्यामुळे मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तुटला, आणि डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदेची आशा आणखी मावळली. हे सारे धरायचे तर साधेपणा कुठे राहतो? मेट्झपुढेही अमेरिकी सेनापती पॅटनच्या फौजेला इंधनाने तंगवले होते आणि शहर हाती यायला नोव्हेंबर उजाडला. उपासमारीसाठी वेगळा नियम न लिहिता दर खेपेला मराठ्यांच्या सोंगट्यांचे बळ एकेकाने उतरवावे, असे सध्या माझ्या मनात आहे, पण त्याने भाऊसाहेबांच्या हाती काही निवडच उरत नाही, अशी शंकाही येते.

आपली प्रत येत्या रविवारी सकाळी परत आणतो. कव्हर नवे घातले आहे, समासातल्या आपल्या पेन्सिलीच्या खुणांना हात लावलेला नाही. सोबत पानिपतचा कच्चा पटही आणीन. त्यात यमुनेला उतार कुठे द्यायचा, हे आपण ठरवावे, ही विनंती.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी