टाकीतला दुसरा खेकडा

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

टाकीत एकच खेकडा सोडला होतास आणि सकाळी दोन दिसले, त्यातला एक हालत नाही, असं तू लिहिलंस. न हालणारा नीट बघ. पाठीची ढाल मागच्या बाजूने उचकटलेली, डोळे काचेसारखे रिकामे, वास नाही? मग ती कात आहे. तुझा खेकडा त्याच फटीतून मागे सरकत बाहेर आला.

त्याचा सांगाडा अंगाबाहेर असतो. कायटिन (किड्यांच्या कवचातही असतो तो चिवट पदार्थ), प्रथिनं आणि चुना यांचं ते कवच ताणत नाही, म्हणून वाढायचं तर ते टाकावंच लागतं. आधी आत नवं मऊ कवच तयार होतं, नांग्यांतलं मांस आक्रसतं, नाहीतर ते अरुंद सांध्यांतून निघणारच नाही. बाहेर आला की तो पाणी पिऊन फुगतो आणि त्या मापावर नवं कवच टणक होतं. डोळ्यांवरचं, कल्ल्यांवरचं, जठराच्या आतलं अस्तरसुद्धा कातीबरोबर जातं! तुटलेला पाय असेल तर तोही कात टाकताना पुन्हा येतो, पहिल्यांदा जरा लहान.

झुरळ, नाकतोडा, कोळी, विंचू, गोम, कोळंबी ही सगळी याच जातकुळीतली. रेशीमकिडा कोश करण्यापूर्वी 4 वेळा कात टाकतो. पंख फुटलेली माशी मात्र वाढत नाही, त्यामुळे लहान माशी म्हणजे मोठीचं पिल्लू नव्हे. कासवाला या यादीत घालू नकोस. त्याची ढाल हाडांची, बरगड्या आणि कणा तिला जुळलेले, ती त्याच्याबरोबरच वाढते. गोगलगायीचा शंखही कडेने वाढत जातो, टाकावा लागत नाही.

आता काम. कात काढू नकोस, ती खाऊन तो चुना परत मिळवतो. खापराचा तुकडा आडवा ठेव, त्याला लपायला जागा हवी. टाकीत मासे असतील तर आजच वेगळे कर, मऊ खेकड्याला ते सोडत नाहीत. हात लावू नकोस, पाणीही एकदम बदलू नकोस. पुढच्या वेळी एखादा पाय कातीत अडकलेला दिसला तरी ओढायचा नाही, तो तुटेल. चुना कमी पडला की असं अडकणं होतं, म्हणून समुद्रफेसाचा, म्हणजे माकूळ या समुद्री प्राण्याच्या अंगातल्या पांढऱ्या, चुन्याच्या कवचाचा, तुकडा कायम पाण्यात असू दे. पक्ष्यांचं खाणं विकणाऱ्याकडे मिळतो.

काही दिवस तो खाणार नाही. घाबरू नकोस, फक्त उरलेलं अन्न रोज काढत जा, नाहीतर पाणी नासेल.

तुझा,
बाबा