छातीत दुखत नाही म्हणून गप्प बसू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं, जेवलीस का" म्हणून उडवून लावतात, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

आई सांगत होती की अजिंक्यतारा चढताना बाबांना आता अर्ध्यातच दम लागतो, बसावं लागतं, आणि वर म्हणायचं छातीत दुखत नाही ना मग हार्टचं काय काढलंय. बाबा, शुगरवाल्यांचं हेच तर वांदं आहे. इतकी वर्षं शुगर असली की नसा बोथट होतात, हृदयाच्या पण, मग रक्त कमी पडलं तरी कळ येतेच असं नाही, नुसती धाप, घाम, मळमळ, नाहीतर उगीच थकवा. त्याला गॅस म्हणायचं आणि सोडा पिऊन मोकळं व्हायचं हे बंद.

आणि तुमचं ते लॉजिक, रक्तात एवढी साखर आहे म्हणजे हृदयाला खुराक भरपूर! उलटं आहे बाबा, धरण उशाला आणि कोरड घशाला, दुष्काळी माण-खटावच्या माणसाला मी काय सांगू. साखर रक्तात असून उपयोग नाही, पेशीत शिरली पाहिजे, त्यासाठी ग्लूट-४ नावाचं प्रोटीन लागतं, ते पेशीच्या आत पडून असतं आणि इन्सुलिननं हाक मारली की वर पृष्ठभागावर येतं. एरवी हृदय साखरेवर फार अवलंबून नसतं, त्याची ६०-७० टक्के एनर्जी फॅटमधनं येते. पण फॅट जाळायला ऑक्सिजन लागतोच. रक्तवाहिनी अरुंद, त्यात चढ, ऑक्सिजन कमी पडला की साखरच कामाला येते, कारण तिच्यातून ऑक्सिजनशिवायही थोडं काहीतरी निघतं, एका ग्लुकोजमागे फक्त २ एटीपी (एटीपी म्हणजे पेशी एनर्जी म्हणून खर्च करते ती सुटी नाणी), ऑक्सिजन असता तर ३० च्या आसपास निघाले असते, पण तेवढ्यावर पेशी थोडा वेळ तग धरते. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की अशा वेळी हृदय इन्सुलिनची वाटही बघत नाही, ते ग्लूट-४ स्वतःच वर आणतं.

डायबेटिसमध्ये घोळ इथंच. ग्लूट-४ च कमी झालेलं, इन्सुलिनला पेशी दाद देत नाही, त्यात रक्तात फॅटी ॲसिड जास्त, आणि फॅट वाढलं की हृदय साखर मागं टाकतं, हे रँडल नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या मंडळींनी १९६३ सालीच मांडलंय. वर तेवढ्याच एनर्जीसाठी फॅटला ऑक्सिजन जास्त लागतो, म्हणजे ज्याचा तुटवडा त्याचीच उधळपट्टी. यातले बरेच प्रयोग उंदरांच्या हृदयावरचे आहेत, माणसात सगळं इतकं सरळ नसतं, पण शुगरवाल्यांना हार्टचा धोका जास्त हे तर कुठलाही डॉक्टर सांगेल.

म्हणून गोळ्या मनानं वाढवू नका की सोडू नका, शुगर एकदम खाली जाणंही हृदयाला वाईटच. झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून पेढे वाटू नका (कंदी पेढे कपाटात कोण लपवतं ते मला माहितीय), दम लागतो हे डॉक्टरांना स्वतः सांगा आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्ट (चालवून काढलेला ईसीजी) याचं विचारा. तोवर किल्ला बंद, सपाटीवर हळू चाला. बसल्यावरही धाप थांबली नाही किंवा दरदरून घाम आला तर मला फोन नंतर, आधी हॉस्पिटल.

मी शनिवारी येतेय. आई, जुने रिपोर्ट आणि एचबीएवनसीचे (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचे) कागद एका फाईलला लावून ठेव, आणि बाबांना आत्ताच सांग की त्या दिवशी "लग्नाला जायचंय" चालणार नाही.

तुमची,
ताई