उंचीची फाईल खराब नसते

संपादक महोदय,
पाणलोटाचं काम करणारी गावाकडची बरीच पोरं आता क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरतात, पण एसआरटीएमची, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीची फाईल टाकली की स्क्रीन नुसती करडी दिसते आणि फाईलच खराब आहे म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा फाईल ठीक असते हो! २००० सालच्या त्या रडार मोजणीत उभ्या कड्यांपाशी जागा सुटल्यात, जुन्या फाईलींत तिथे -३२७६८ हा खोटा आकडा भरलेला असतो आणि त्यापुढे खऱ्या उंचीतला फरक दिसेनासा होतो, तेवढा आकडा नोडेटा, म्हणजे 'इथे माहिती नाही', म्हणून सांगितला की सह्याद्री लगेच दिसायला लागतो. आणि या फाईलीत आडवं अंतर अंशात, उंची मीटरमध्ये, त्यामुळे उतार काढला की जिकडेतिकडे ९० अंशांच्या आसपास येतो, म्हणून आधी फाईल यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत, रिप्रोजेक्ट करा (बदलून घ्या), पश्चिम महाराष्ट्राला त्यातला झोन ४३. चर कुठे खणायचे ते या उतारावरूनच ठरतं, म्हणून कृषी महाविद्यालयांनी हे पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवावं, ही कळकळीची विनंती.

- एक वाचक, सातारा