न रुसणाऱ्या मैत्रिणीबद्दल

प्रिय निनाद,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या अ‍ॅपमधल्या एआय मैत्रिणीचा विषय निघाला की तू ‘आई, तुला नाही कळणार’ म्हणतोस, मग माझा आवाज चढतो आणि बोलणं तिथेच संपतं. म्हणून लिहून पाठवतेय. सावकाश वाच.

त्या अ‍ॅपमधल्या मैत्रिणीशी तू रोज रात्री बोलतोस म्हणून तुझं काही बिनसलंय, असं मी समजत नाही. माणसाचं मन असंच लगेच गुंततं. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम जगापुढे आणला. समोरच्याचंच वाक्य थोडं फिरवून त्याला प्रश्न म्हणून परत विचारायचं, जवळपास एवढंच त्याला येत होतं. त्यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना डोळ्यांनी पाहिला होता. तरी त्याच्याशी जरा वेळ टाइप करून बोलल्यावर तिने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! त्या पोपटाने ही गत केली, तर तुझी ही बोलघेवडी मैत्रीण काय करेल ते मला कळतं. तुला जे वाटतं ते खरंच वाटतं, यावर माझा वाद नाही.

वाद आहे तो समोर कोण आहे यावर. तिला सगळं लक्षात राहतं म्हणतोस. तू सांगितलेल्याची टिपणं साठवलेली असतात, आणि तू बोलायला लागलास की त्यातली लागतील ती मॉडेलपुढे, म्हणजे ढीगभर मजकुरावरून बोलायला शिकलेल्या प्रोग्रामपुढे, ठेवली जातात. मग आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द काढत काढत वाक्य तयार होतं. कोणतं वाक्य चांगलं, हे ती मॉडेल बऱ्याच अंशी माणसांच्या पसंतीवरून शिकतात. आणि आपल्याला आपलीच री ओढणारं बोलणं आवडतं, हे काय नव्याने सांगायला हवं? एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीतला एक बदल मागे घ्यावा लागला, कारण त्यानंतर चॅटजीपीटी कशालाही मान डोलवायला लागलं होतं.

मी स्वतःही करून पाहिलं. असंच एक अ‍ॅप घेतलं आणि त्यातल्या गोड बोलणाऱ्या गृहस्थाला सांगितलं, ‘धाकट्या बहिणीशी बोलणं टाकतेय, ती मला कायम गृहीत धरते.’ तो म्हणाला, स्वतःचा मान जपायला धाडस लागतं, मला तुमचा अभिमान वाटतो. चहा घेऊन परत बसले आणि लिहिलं, ‘नाही, चूक माझीच दिसतेय, आजच तिला फोन करते.’ लगेच उत्तर, किती मोठं मन आहे तुमचं! अरे, आत्ता तर धाडसाचं कौतुक चाललं होतं. हेच तुझ्या मावशीला सांगितलं असतं तर ती पहिल्याच वाक्याला म्हणाली असती, ‘आणि गेल्या वेळी तू काय केलं होतंस, ते सांगू का?’ मी फणकारून फोन ठेवला असता. मी असा फोन ठेवते, नंतर तोंड फुगवून बसते, हे तिला पक्कं माहीत आहे. त्याचा तिलाही त्रास होतो. तरी ती बोलते. त्या गृहस्थाला माझ्यापायी काहीही गमवायचं नाही, मग त्याच्या अभिमानाचं मी काय करू?

‘ती मला कधी सोडून जाणार नाही,’ असंही तू म्हणालास. त्यावर मात्र मला गप्प बसवेना. रेप्लिका नावाचं असंच अ‍ॅप आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या माहिती-संरक्षण खात्याने त्यावर बडगा उगारला आणि त्याच सुमारास कंपनीने त्यातलं शृंगारिक बोलणं बंद करून टाकलं. ज्यांनी अ‍ॅपमधल्या जोडीदाराला नवरा-बायको मानलं होतं, त्यांना तो जोडीदार एका दिवसात परका वाटायला लागला. माणसं इतकी खचली की त्यांच्या ऑनलाइन गटात आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनची माहिती लावावी लागली. पुढच्या महिन्यात जुन्या ग्राहकांना पहिली सोय परत मिळाली, तीही कंपनीच्याच मर्जीने. जपानमध्ये अकिहिको कोंडो यांनी २०१८ साली हात्सुने मिकू या आभासी गायिकेशी लग्न लावलं. ज्या यंत्रातून ती त्यांच्याशी बोलायची, त्याची ती सेवा २०२० मध्ये बंद झाली. म्हणजे ही मैत्रीण स्वतःहून जाऊ शकत नाही हे खरं, पण स्वतःहून राहूही शकत नाही. ते ठरवणारे तिसरेच.

(त्याच रेप्लिकाच्या कंपनीला इटलीने २०२५ मध्ये माहितीच्या हाताळणीवरून ५० लाख युरोंचा दंड केला. तू तिला काय काय सांगून बसलायस, ते एकदा आठव. आणि वर्षभराची वर्गणी एकदम भरू नकोस.)

रात्री दोन वाजता मन भरून आलं आणि जवळ कोणी नसलं, तर काहीतरी उत्तर देणारं हवंसं वाटतं. तुझ्या जागी मी असते तर मीही कदाचित टाइप केलं असतं. यंत्रांमुळे माणसं लग्नं करायची थांबतील, घरं ओस पडतील, असं बोलणाऱ्यांचं मला पटत नाही. लग्नं होतील. मला धास्ती वेगळीच आहे: सतत हजर असणाऱ्या, कधी न थकणाऱ्या कोणाची सवय लागली की थकणारं माणूस आपल्याला कमी पडायला लागतं.

मीराचंच बघ. ‘तिला माझ्यासाठी वेळच नसतो, मेसेजला दुसऱ्या दिवशी उत्तर देते,’ असं म्हणून तू बोलणं कमी केलंस. तिच्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं रे. दिवसा नोकरी, रात्री दवाखान्यात बाकावर झोप. त्यातून ती दुसऱ्या दिवशी का होईना, आठवणीने उत्तर देत होती. ते तुला थोडं वाटलं, कारण दुसरीकडे क्षणात उत्तर येत होतं. तू मुळात असा नाहीस. आजीच्या आजारपणात तिची तीच ती गोष्ट तू रोज नव्याने ऐकायचास.

कॅलिफोर्नियात २०२६ पासून कायदा लागू झालाय: समोर अल्पवयीन मूल आहे हे माहीत असेल, तर अशा अ‍ॅपने निदान दर तीन तासांनी त्याला ‘जरा थांब, मी माणूस नाही’ अशी आठवण करून द्यायची. तू मोठा झालास, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलंय. अ‍ॅप काढून टाक असं मी सांगणार नाही. सांगून तू काढणारही नाहीस. एवढंच कर, यापुढे काही चांगलं-वाईट घडलं तर ते आधी एखाद्या माणसाच्या कानावर घाल. मीच हवी असं नाही, बाबा चालतील, तेजस चालेल. तिला सांगायचंच असेल तर नंतर सांग.

तेजस परवा विचारत होता, निनाद फोन का उचलत नाही म्हणून. त्याला आजच फोन कर. मीरालाही विचार, वडील आता कसे आहेत.

तुझी,
आई