लाउडोनची ओळख बेलग्रेडपुरती नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील सप्तवार्षिक युद्धावरचा लेख आवडला. आम्हा फोंडेकरांना १७५६ हे साल मर्दनगडाच्या स्वारीत पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्वा ठार झाला म्हणून ठाऊक. त्याच साली तिकडे युरोपात ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांच्यात हे युद्ध पेटले. मात्र लेखात ऑस्ट्रियाचा सेनापती लाउडोन याची ‘बेलग्रेडचा विजेता’ एवढ्यावर बोळवण झाली आहे, ती मला खटकली. १७८९ मध्ये त्याने तुर्कांकडून बेलग्रेड घेतले खरे, पण तेव्हा तो ७२ वर्षांचा, मानमरातब मिळवून बसलेला फील्डमार्शल होता.

त्याचे खरे कसब १७५८ च्या जूनमध्ये मोरावियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात दिसले. प्रशियाचा राजा फ्रेडरिक तिथल्या ओलोमोउत्स शहराला वेढा घालून बसला होता आणि त्याच्यासाठी दारूगोळा व धान्य घेऊन तीन हजारांहून अधिक गाड्या डोंगरवाटेने निघाल्या होत्या. चोर्ला घाटात भाजीचा एक ट्रक बंद पडला की मागे काय होते, हे आपण जाणतोच. तिथे तर गाड्या बैला-घोड्यांच्या आणि पहारा लांबच लांब रांगेत विखुरलेला. २८ जूनचा लाउडोनचा पहिला हल्ला प्रशियनांनी परतवला. तरी तो वाट सोडून गेला नाही. ३० तारखेला डोमश्टाटलजवळ त्याने आणि सिस्कोविच या दुसऱ्या सेनानीने मिळून तांडा मोडला. थोड्याच गाड्या छावणीपर्यंत पोहोचल्या, आणि फ्रेडरिकला मोठी लढाई न होताच वेढा उठवावा लागला. श्रेय दोघांचे आहे. सिस्कोविचचे नाव तर लेखात आलेलेच नाही.

लेखात लाउडोनला ऑस्ट्रियन सरदारपुत्र म्हटले आहे, तेही दुरुस्त व्हावे. त्याचा जन्म १७१७ चा, लिव्होनियातला, म्हणजे आजच्या लाटव्हियातला. उमेदवारी रशियन सैन्यात. फ्रेडरिकने त्याला नोकरी नाकारल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. पुढे १७५९ मध्ये कुनर्सडॉर्फला रशियनांच्या साथीने त्याने याच राजाचा दारुण पराभव केला. वर्षभराने लिग्निट्झला त्याने स्वतः मार खाल्ला, हे लपवण्याचे कारण नाही. ठरले असूनही ऑस्ट्रियाचा सरसेनापती डाउन याची मुख्य सेना वेळेवर लढाईत उतरली नव्हती.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास त्यासोबत ओलोमोउत्सच्या वाटेचा नकाशा छापावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
फोंडा, गोवा