टोपी कुठे, कशी काढावी?

महोदय,

हॅट आणि कॅप सर्रास दिसतात. त्या कधी उतरवायच्या याबाबत मात्र गोंधळच आहे. पाश्चात्त्य रिवाजानुसार पुरुषाने कुणाच्या घरात, जेवायला बसताना, राष्ट्रगीताच्या वेळी आणि अंत्ययात्रा समोरून जाताना टोपी काढायची. रेल्वे स्टेशन, इमारतीचा सार्वजनिक व्हरांडा रस्त्यासारखेच मानतात, तिथे ती चालते. स्त्रियांना पोशाखाचा भाग असलेली हॅट घरातही डोक्यावर ठेवता येते, पण बेसबॉल कॅपला ही सूट नाही. नाट्यगृहात मागच्याला दिसत नसेल तर कुणीही असो, काढावीच.

पगडी, हिजाब, किप्पा (ज्यूंची छोटी धार्मिक टोपी) यांना हे नियम लागूच होत नाहीत; ते काढायला सांगणे हाच असभ्यपणा. उपचारांमुळे केस गेलेल्यांनाही टोकू नये.

काढण्याचीही रीत आहे. फेल्ट (लोकर दाबून केलेले जाड कापड) हॅटचा माथा रोज चिमटीत धरला की घडीवर फेल्ट झिजते आणि शेवटी भोक पडते. म्हणून काठाला धरून उचलावी. हातात धरताना अस्तर स्वतःकडे वळवावे, आतली घामट पट्टी लोकांना कशाला दाखवायची? टेबलावर ठेवताना माथ्यावर उलटी ठेवावी, नाहीतर वजनाने काठाचा बाक जातो.

- एक वाचक